चंद्रोदयापर्यंतची साखर

धडधाकट माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशी पोटी त्या पाच लिटरमध्ये विरघळलेली साखर भरते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. त्या चमच्यातूनच मेंदू आपला वाटा सारखा उचलत असतो. दिवसाकाठी त्याला एकट्याला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं आणि ते साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. तरीही निरोगी माणूस दिवसभर उपाशी राहो की लग्नाच्या पंगतीत जिलबीवर ताव मारो, हा चमचा फारसा हलत नाही. जेवण झालं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि साखर स्नायूंत, चरबीत, यकृतात जाते. पोट रिकामं राहिलं की इन्सुलिन आटतं, ग्लुकॅगॉन नावाचं दुसरं संप्रेरक पुढे येतं आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर थोडी थोडी सोडत राहतं. रात्रंदिवस चाललेल्या या कारभाराचा आपल्याला पत्ताही नसतो.

मधुमेह झाला की हा कारभार माणसाच्या अंगावर पडतो. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, चालणं किती, ताप आला तर काय करायचं, हे सगळं घड्याळ बघून आणि अंदाजाने ठरवायचं. अंदाज चुकला की साखर वर तरी जाते किंवा खाली तरी. वर गेलेली साखर बहुधा वर्षानुवर्षं, कुठेही न दुखता, डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा पोखरत राहते. खाली गेलेली साखर अर्ध्या तासात माणसाला आडवं करते. आपल्या घरांमध्ये पहिलीची धास्ती भरपूर आहे. आलेल्या पाहुण्यापुढे बशी ठेवतानाही ‘यांना शुगर आहे हं’ असं बजावलं जातं. दुसरीची मात्र ओळखच नाही, आणि ती ओळख नसल्याने होणारं नुकसान मला जास्त अस्वस्थ करतं, कारण ते टाळण्याजोगं असतं.

कोथरूडला राहणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या घरातली एक संकष्टी मला सांगितली. यजमान सत्तरी ओलांडलेले, मधुमेह बऱ्याच वर्षांचा, आणि संकष्टी तरुणपणापासूनची. त्या दिवशीही त्यांनी सकाळी नेहमीची गोळी घेतली. ‘उपास पोटाचा, औषधाला कसला उपास?’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी झाली, चारला चहा झाला. त्या रात्री चंद्रोदय नऊच्या पुढे होता. साडेसातच्या सुमारास ते खुर्चीत बसल्या बसल्या चिडायला लागले. टीव्हीचा आवाज मोठा आहे म्हणून नातवावर ओरडले. बाईंनी विचारलं, ‘अहो, काय होतंय तुम्हाला?’ तर म्हणाले, ‘तू गप्प बस.’ पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी कधी असं तोडून बोललेलं नव्हतं. मुलगा म्हणाला, ‘आई, उपासाने पित्त झालं असेल, पडू दे बाबांना जरा.’ पडले तर बनियन पाठीला चिकटलेलं, कपाळ गार, आणि बोलणं अडखळत.

शेजारी एक निवृत्त नर्स राहतात, सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. त्या आपलं मशीन घेऊन आल्या, बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब घेतला. आकडा आला ४६. बाईंनी धावत जाऊन नैवेद्याच्या ताटातला मोदक आणला. त्यांनी तो कसाबसा चावला, पण दहा मिनिटांनीही फरक पडेना. सिस्टरनी गोळ्यांचं पाकीट मागितलं, उलटं करून वाचलं आणि मुलाला सांगितलं, ‘खालच्या मेडिकलमधून ग्लुकोज पावडर आण. साखर नको, ग्लुकोजच आण.’ पाण्यात कालवलेली पावडर पोटात गेल्यावर पाव तासाने आकडा ८८ झाला. माणूस शुद्धीवर आला आणि घरात गर्दी का जमली आहे म्हणून विचारू लागला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, जेवणं झाली. सिस्टरनी मात्र रात्री परत तपासायला बजावून ठेवलं होतं. दीड वाजता तपासलं तर ६१. मग मात्र त्यांना रुग्णालयात नेलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

या एका संध्याकाळीत शिकण्यासारखं इतकं आहे की तिच्याकडे सावकाश बघायला हवं.

आधी चिडणं. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, दरदरून घाम फुटतो, भुकेची कळ येते. ही शरीराने केलेली हाक आहे आणि तिला लगेच ओ दिली तर गोष्ट तिथेच संपते. साखर ५४च्या खाली गेली की मेंदूच उपाशी पडायला लागतो. मग माणूस विनाकारण भांडतो, साधा हिशेब चुकतो, जीभ जड होते, एकाचे दोन दिसतात. पुढे झटके आणि बेशुद्धी. रस्त्यात असं झालं तर लोक दारू प्यायलाय म्हणून बाजूने निघून जातात. घरात झालं तर ‘म्हातारपणी स्वभाव बदलला’ म्हणतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस अवेळी विचित्र वागू लागला तर आधी बोटाला टोचून बघावं, रागलोभ मग. मशीन नसेल तर साखर कमी आहे असं समजून गोड द्यावं. साखर थोडी वाढली तर तासा-दोन तासांत काही बिघडत नाही. कमी असलेली साखर तेवढा वेळ देत नाही.

मग मोदक. तोंड गोड केलं की साखर वाढते, हा सरळ हिशेब इथे चुकला, आणि त्याला दोन कारणं होती. मोदकातलं खोबरं आणि वरचं तूप पोटातून अन्न पुढे सरकणं लांबवतं. पेढा, बर्फी, चॉकलेट यांचंही तेच. दुसरं कारण पाकिटावर छापलेलं होतं. त्या एका गोळीत तीन औषधं होती: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज. अशी तीन औषधांची गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. यातलं वोग्लिबोज आतड्यात साखरेचं ग्लुकोजमध्ये विघटन करणारा विकर अडवतं. जेवणानंतरची साखर एकदम चढू नये म्हणून ते देतात आणि त्या कामाला ते चांगलं आहे. पण साखर खाली गेलेली असताना तीच अडवणूक अंगाशी येते. अशा माणसाला चमचाभर साखर, गूळ किंवा सरबत दिलं तर ते रक्तात पोचायला वेळ लागतो. आधीच विघटन झालेलं ग्लुकोज मात्र थेट जातं. अकार्बोज घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. आपल्या गोळीत काय आहे, हे नाव वाचून माहीत असायला हवं, ते यासाठी. ही औषधं नसतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिलेली चालते, अर्धा पेला फळांचा रस चालतो. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं आणि साखर वर आली की पोळी-भाजी, दूधभात असं काही पोटभरीचं द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवायचं आणि रुग्णालय गाठायचं, तिथे शिरेतून ग्लुकोज देतात. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरच्या माणसालाही देता येतं, पण आपल्याकडे ते सहजासहजी हाती लागत नाही.

आणि दीड वाजताचे ६१. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतात, पोटात अन्न असो वा नसो. त्यांचा अंमल दिवसभर चालतो. जुन्या ग्लिबेनक्लामाइडचा तर आणखी रेंगाळतो, आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर अनेक पटींनी. म्हणून गोळीमुळे खाली गेलेली साखर एकदा वर आली म्हणजे संकट टळलं, असं धरता येत नाही. मेटफॉर्मिन एकटं घेणाऱ्याला ही भीती जवळजवळ नाही. मधुमेहाची सगळी औषधं एकाच माळेतली समजणं, ही आपली मोठी गफलत आहे.

उपास करू नका, असं सांगणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि त्यांचं न ऐकता उपास करणारे पेशंट त्याहून जास्त. मला वाटतं, इथे बोलणंच तुटतं. पेशंट उपासाचं सांगतच नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. रमजानच्या रोज्यांबाबत जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून सविस्तर मार्गदर्शन लिहिलेलं आहे: रोजे सुरू होण्याआधी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटायचं, गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्यायच्या, दिवसा बोटाला टोचून तपासायचं, साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा. रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही त्यात स्पष्ट केलेलं आहे. आपल्या संकष्टीला, हरतालिकेला, नवरात्राच्या नऊ दिवसांना हाच विचार लावायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. शिवाय आपला उपास दोन्हीकडून मारतो. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी. दुपारी दोनला साखर पार वर आणि संध्याकाळी सातला तळाशी. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत मध्यंतरी महाराष्ट्रात गाजली. ती ज्यांना मानवली त्यांना मानवली, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनची मात्रा कमी न करता ती सुरू करणं जिवावरचं आहे.

वारीचंही तसंच. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, जवळपास तीन आठवड्यांचं चालणं. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो, आणि थांबल्यावरही पुढचा दिवसभर त्याला कमी इन्सुलिन पुरतं, कारण रिकामा झालेला साठा तो भरून घेत असतो. म्हणजे साखर उतरायची वेळ बऱ्याचदा रात्री, तंबूत, सगळे झोपलेले असताना. पुण्याहून सासवडला जाताना ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढते, आणि तिथीचं गणित असं की बहुतेक वर्षी तो दिवस एकादशीचा. दिवसभराची मजल, घाटाची चढण, पोटात उपासाचं आणि सकाळची गोळी नेहमीचीच. वारीत साठी उलटलेली माणसं किती असतात, हे कुणीही बघून सांगेल. त्यांच्यातल्या मधुमेह्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ‘मी चालत पंढरपूरला निघालोय, गोळी किती घेऊ?’ एवढं विचारलं, पिशवीत ग्लुकोजचा पुडा ठेवला आणि दिंडीतल्या एका सोबत्याला आपला आजार सांगून ठेवला, तर पुष्कळ काही साधेल.

आता वरच्या साखरेकडे. तिचं पहिलं लबाडपण म्हणजे ती बराच काळ जाणवतच नाही. साधारण १८०पर्यंत मूत्रपिंड साखर अडवून धरतं, त्यापुढे ती लघवीतून वाहू लागते आणि पाण्याला बरोबर नेते. म्हणून तहान, म्हणून रात्री चारचारदा उठणं, म्हणून डोळ्यांना अंधुक दिसणं आणि वजन घटणं. पण दोनशे-सव्वादोनशेची सवय झालेला माणूस ठणठणीत वाटून घेत असतो. इतकंच काय, अशा माणसाची साखर उपचाराने ११०वर आली की त्याला थरथर सुटते, घाम येतो. शरीर जुन्या पातळीला सरावलेलं असतं; काही आठवड्यांत ते निवळतं. पण नेमकं त्याच दिवसांत ‘ही गोळी मला सोसत नाही’ म्हणून औषध सोडून देणारे खूप.

दुसरी गोष्ट दोषारोपाची. साखर वाढलेली दिसली की घरचे विचारतात, ‘काय गोड खाल्लंत?’ प्रश्न प्रेमाचा असतो, पण त्यात माणूस आरोपी होतो. काहीही न खाता सकाळी उपाशी पोटी साखर जास्त का, याचं उत्तर पहाटेच्या संप्रेरकांत आहे. झोपेतून उठायच्या तयारीत शरीर कॉर्टिसॉल वगैरे सोडतं, यकृत साखर ओततं, आणि निरोगी माणसात तिला आवरणारं इन्सुलिन मधुमेह्यात कमी पडतं. क्वचित याच्या उलटही असतं: रात्री साखर खूप खाली गेलेली असते, घामाने गादी ओली होते, वाईट स्वप्नं पडतात, सकाळी डोकं जड. पहाटे तीनला एकदा तपासलं की नेमकं काय चाललंय ते उमगतं. तीनला कमी असेल तर रात्रीचं औषध घटवावं लागतं, जास्त असेल तर उपाय वेगळा. केवळ सकाळचा आकडा बघून रात्रीची मात्रा वाढवत नेणं धोक्याचं.

ताप, दातांचा पू, मूत्रमार्गाचा संसर्ग यांनीही साखर चढते. स्टेरॉइडने तर हमखास. २०२१च्या उन्हाळ्यात करोनानंतर म्युकरमायकोसिसची जी लाट महाराष्ट्राने सोसली, तिच्यामागे आवाक्याबाहेर गेलेली साखर आणि स्टेरॉइड ही जोडगोळी होती. आणि आहाराचंच बोलायचं तर गोडाला एकट्याला शिक्षा होते. दिवाळीच्या चार दिवसांत ‘मी लाडू नाही घेत, चकली घेतो’ म्हणणारे घरोघरी भेटतात. भाजणीची चकली, चिवडा, शेव ही पिठंच आहेत, आणि तेलामुळे त्यांची साखर उशिरा, तीन-चार तासांनी वर येते. जेवणानंतर दोन तासांच्या तपासणीत ती दिसतही नाही. गुळाची करंजी साखरेच्या करंजीपेक्षा रक्ताला वेगळी वाटत नाही, मधाचंही तेच. एखादा लाडू जेवणासोबत, भाजी-उसळ आधी खाऊन, आणि नंतर अर्धा तास चालून पचवता येतो. मी तरी मधुमेह्याच्या ताटातून दिवाळी काढून घ्यायच्या बाजूचा नाही.

आपल्याकडे बारीक माणसालाही हा रोग का होतो, याचा शोध पुण्यातच लागला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३पासून त्यांनी केलेल्या अभ्यासात हा फरक जन्मतःच दिसला: आपली बाळं हलकी, पण त्या हलक्या अंगातही चरबी राखून असलेली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज निघाला. हे सगळे लाडवांनी आजारी पडलेले नाहीत.

साखर वर जाऊन तातडीचं संकट ओढवतं ते दोन प्रकारे. उतारवयात जुलाब, ताप किंवा न्यूमोनियाच्या निमित्ताने साखर ६००च्या वर जाते, अंगातलं पाणी संपतं आणि माणूस झोपाळू, बरळणारा होतो. त्याला अर्धांगवायू झाला असावा, असं घरच्यांना वाटतं. दुसरा प्रकार मुख्यतः टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे अंगात इन्सुलिन बनतच नसलेल्या मुलांचा. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात किटोन साचतात, उलट्या, पोटदुखी, खोल धापा आणि श्वासाला पिकल्या फळासारखा वास. आणि यातली बरीच पोरं एका चुकीच्या समजुतीने तिथवर पोचतात: ‘आजारी आहे, काही खाल्लंच नाही, मग इन्सुलिन कशाला?’ आजारपणात इन्सुलिनची गरज वाढते. मात्रा बदलेल, पण टाइप १मध्ये ते पूर्ण बंद कधीच करायचं नाही. पाणी पाजत राहायचं, दर तीन-चार तासांनी तपासायचं, उलट्या थांबत नसतील तर घरी थांबायचं नाही.

इन्सुलिनची बाटली आणि सुई यांच्याबद्दल थोडं जवळून सांगायला हवं, कारण साखरेच्या निम्म्या गूढ चढउतारांची उकल तिथे सापडते. आपल्या बाजारात बाटलीतलं इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही दोन. चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी. दुकानदाराने ‘ही नाहीये, ती घ्या, सारखीच आहे’ म्हणून शंभरच्या इन्सुलिनबरोबर लाल टोपणाची सिरिंज दिली की २० युनिट म्हणून भरलेल्या औषधात प्रत्यक्षात ५० युनिट जातात. अडीचपट. उलट झालं तर २०च्या जागी ८ जातात आणि साखर महिनोन्‌महिने का उतरत नाही म्हणून डॉक्टरही चक्रावतात. दुसरी गोष्ट टोचायच्या जागेची. बेंबीशेजारी रोज एकाच ठिकाणी टोचलं की कातडीखाली गाठ तयार होते. तिथे दुखत नाही, म्हणून पेशंटला तीच जागा आवडते. पण गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. मग मात्रा वाढत जाते. एक दिवस कुणी सांगतं म्हणून मांडीवर टोचलं, की ती वाढीव मात्रा पूर्ण लागू पडते आणि साखर कोसळते. जागा बदलावी, आणि बदलताना मात्रेबद्दल विचारावं. तिसरी गोष्ट उन्हाची. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि गोठता कामा नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या घरांत फ्रिज नाही किंवा वीज टिकत नाही, तिथे ओल्या मडक्यात ठेवलेली बाटली बाहेरच्यापेक्षा बऱ्याच गारव्यात राहते. उष्ण देशांमधल्या तपासण्यांतून ही घरगुती युक्ती उपयोगी ठरलेली आहे.

आकडाही तपासून घ्यावा लागतो. आमरसाचा किंवा लाडवाचा हात न धुता टोचलं तर बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळून पन्नास-शंभराने खोटी वाढ दिसते. साबणाने धुवावं, कोरडं करावं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी उपयोगाची आहेच, पण सरासरीत खड्डे बुजतात: ज्याची साखर ५०वरून २६०वर उड्या मारते आणि ज्याची १५४च्या आसपास शांत राहते, त्या दोघांचंही उत्तर ७ येऊ शकतं. रक्तक्षय असेल तर ती तपासणी चकवते. नंदुरबारकडे किंवा गडचिरोलीसह पूर्व विदर्भात जिथे सिकलसेल घराण्यांमधून चालत आलेला आहे, तिथे तिच्यावर एकटीवर विसंबून चालत नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर आता मिळतो. तो दर काही मिनिटांनी साखर मोजतो आणि आकड्याशेजारी बाण दाखवतो. मला तो बाण आकड्याइतकाच मोलाचा वाटतो. ११० आणि बाण खाली झुकलेला असेल तर गाडी चालवायला बसू नये. ११० आणि बाण आडवा असेल तर निर्धास्त असावं. सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तापेक्षा तो काही मिनिटं मागे असतो, म्हणून अंगाला घाम सुटलाय आणि सेन्सर ठीक म्हणतोय, अशा वेळी बोटाचं ऐकावं. दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ ७० ते १८० यांच्या दरम्यान आणि ७०च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, असं ध्येय तज्ज्ञ बहुतेकांसाठी सुचवतात. सेन्सरला काही हजार रुपये पडतात आणि दोन आठवड्यांत तो संपतो. सगळ्यांना परवडण्यासारखा नाही. पण वर्षातून एकदा लावून बघितला तरी रात्रीचे खड्डे दिसतात.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आपण साखरेला गरजेपेक्षा खाली रेटतो, असं माझं ठाम मत झालं आहे, आणि त्याला आधार आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की टाइप १मध्ये साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात. त्याच वेळी साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाण्याचं प्रमाण तिप्पट झालं. मग प्रश्न आला, टाइप २च्या उतारवयीन, हृदयरोगाचा धोका असलेल्या माणसांची साखर अगदी निरोग्यासारखी केली तर? दहा हजारांवर रुग्ण घेऊन ‘अकॉर्ड’ हा प्रयोग सुरू झाला, ध्येय एचबीए१सी ६च्या खाली. फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण काटेकोर गटात २५७ मृत्यू झाले होते आणि नेहमीच्या गटात २०३. कारणांवर अजून चर्चा चालते, पण त्यानंतर वयस्क, इतर आजार असलेल्या माणसाला ८पर्यंतही मोकळीक द्यावी, हे मार्गदर्शनात आलं. त्यात जुन्या मधुमेह्याची घंटाच मंदावते: वारंवार साखर खाली गेली की थरथर, धडधड येईनाशी होते आणि माणूस थेट बेशुद्धीच्या काठावर पोचतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची धडधडही झाकली जाते. घाम मात्र येतो, तेवढी खूण धरून ठेवावी. वयाबरोबर जेवण घटतं, मूत्रपिंड मंदावतं, आणि गोळी दहा वर्षांपूर्वीचीच चालू असते. वडिलांच्या तपासणीला बरोबर जाल तेव्हा ‘साखर छान आहे ना?’ एवढंच न विचारता ‘ती खाली तर जात नाही ना, गोळी कमी करता येईल का?’ हेही विचारा.

टाइप १च्या मुलांना ही मोकळीक नाही. १९२२च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, तोवर हा रोग म्हणजे मृत्यूच होता. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचे एकस्व हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. तरी शंभर वर्षांनंतर आपल्याकडे इन्सुलिन परवडत नाही म्हणून मुलं दगावू नयेत, यासाठी नागपूरच्या ड्रीम ट्रस्टसारख्या संस्थांना गरीब घरातल्या पोरांना फुकट इन्सुलिन पुरवावं लागतं. अशा मुलाच्या आईवडिलांशी बोललं की औषधानंतर दुसरी काळजी शाळेची निघते. वर्गात डबा उघडला तर बाई रागावतात. खेळाच्या तासानंतर साखर उतरते आणि मूल गणिताला सुन्न बसतं, लक्ष नाही म्हणून शिक्षा होते. शिक्षकांना सांगायचं ते एका चिठ्ठीत मावतं: हा मुलगा घामेजला, गप्प झाला किंवा विनाकारण रडू लागला तर त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यातलं ग्लुकोज त्याला द्या, एकट्याला कुठेही पाठवू नका, पाव तासाने पुन्हा विचारा, आणि तहान किंवा लघवीला म्हणून उठला तर अडवू नका. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेत मधुमेही मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी बरोबर ठेवायची परवानगी दिली. चाचणी परीक्षेला आणि रोजच्या तासालाही ती मिळायला हवी. त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही, मुख्याध्यापकांनी एकदा शिक्षकांना बोलावून सांगितलं की झालं.